बायका शाळेत का आल्या नाहीत

मैत्रिणींनो, आज दुपारचं सांगते.

गोदावरीचं पाणी वाढतंय म्हणून गंगाखेडजवळच्या एका वस्तीला शाळेत हलवायचं होतं. मी मदतीला गेले होते. पुरुष आले, बायका घरीच राहिल्या.

"बायकांना अक्कलच नाही," तहसीलचे साहेब म्हणाले आणि अहवालात लिहिलं, 'नागरिकांचे असहकार्य'.

मी वस्तीतल्या रेखावहिनींना कारण विचारलं. त्यांना आठवा महिना आहे.

"मागल्या पुरात शाळेच्या संडासाला कुलूप व्हतं, ताई. दोन दिस आमी पाणीच पिलो न्हाई. आता पोटात लेकरू हाय."

साहेबांना सांगितलं, तर ते हसले. "संडासाचं काय अहवालात लिहायचं?" त्या हसण्याची किळस आली.

कुलूप अजून तसंच आहे. किल्लीवाले सर परभणीला गेलेत. विचारल्याशिवाय मी कधी कुणाच्या वस्तूला हात लावला नाही, पण आता हातोडा घेऊन निघालेय.

सोबत कोण येतंय?