मामाजींसाठी खिमा-पास्ता

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. तर आमच्या मामाजींचे दात गेले. हललेले, किडलेले, अर्धे तुटलेले असे जे काही उरले होते ते गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरनं एकेक करून काढून टाकले, आणि हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसवणार नाही म्हणून सांगितलं. त्याचं काय जातं सांगायला! रोज मामाजींसमोर ताट ठेवायचं काम माझं होतं.

वरण-भात. दही-भात. मऊ खिचडी. पुन्हा वरण-भात. आमचं केशोरी हे धानाचं गाव, इथं भाताला कोणी नाही म्हणत नाही, पण मामाजी पडले मटणाचे भोक्ते. एकदा मटणाचा नुसता रस्सा भातावर घालून दिला, तर म्हणाले, "बोकड कुठी हाय यात? मले पाणी पाजून राहिली का?" चार घास खाऊन उठायचे. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. बोलताना गळ्यातला दुपट्टा तोंडावर धरायचे. ज्या माणसाचा आवाज पार तळ्याच्या पाळीपर्यंत जायचा तो दुपट्ट्याआडून पुटपुटायला लागला. मला ते बघवत नव्हतं.

मी गोंदिया शहरातली. आमच्या मोहल्ल्यात लोक हिंदीत भांडतात आणि हिंदीतच गळ्यात पडतात. नाकावर राग घेऊनच मी या घरात आले, आणि मामाजींच्या नाकावर तो आधीपासूनच होता. त्यामुळे आमचं छान जमायचं, म्हणजे रोज वाजायचं. आता ते भांडेचनात. मी मुद्दाम भातात मीठ जास्त घातलं तरी काही बोलले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले.

त्यात मंडई आली. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. बाजार, पाळणे, दंडारीचे नाच, रात्रीचं नाटक आणि घरोघरी पाहुणे. पाहुण्याला मटण. आणि ते मटण बाईनं नाही, घरच्या पुरुषानं रांधायचं, तेही अंगणात. सासूबाई खात नाहीत, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात मटणाचं पातेलंसुद्धा येत नाही. विहिरीजवळ विटांच्या दोन चुली आहेत, तिथं मामाजींचं राज्य. पंगत बसली की ते मधोमध बसणार, पहिली नळी फोडून चोखणार, आणि मगच बाकीचे ताटाला हात लावणार. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं.

यंदा त्यांनी जाहीर केलं, "मंडईच्या दिवशी मी प्रतापगडले जाऊन राहिलो. दर्ग्यावर जातो, गडावर बसतो. सांजेले येतो." हा प्रतापगड आमच्या बाजूचाच, इतिहासाच्या पुस्तकातला नव्हे.

"काऊन?" सासूबाईंनी विचारलं.

"काऊन म्हंजे? माह्या घरचं मटन लोकं खातीन, अन् मी त्यायच्यात दही-भात घेऊन बसू?"

"चणे आहेत तर दात नाहीत," असं म्हणत सासूबाई आत गेल्या. बोलल्या चेष्टेनं, पण त्यांचंही जेवण अलीकडे अर्ध्यावर आलं होतं. घरची मंडई सोडून मामाजी गडावर एकटे बसणार, हे मला काही पटेना. आज लाजून पंगत सोडली तर हा माणूस उद्या चौकात जाणंही सोडेल, एवढं मला दिसत होतं.

नागपूरला हॉस्टेलवर असताना रविवारी रात्री मेस बंद असायची. तेव्हा आम्ही मुली लपवून ठेवलेल्या शेगडीवर खिम्याचा पास्ता करायचो. लसूण, कांदा, खिमा, भरपूर टोमॅटो, अर्ध्या तासात सॉस तयार. वॉर्डनला वास जायच्या आत पातेलं रिकामं! भाऊबिजेला माहेरी गेले होते तेव्हा जुन्या आठवणीनं नळीच्या पास्त्याची पाकिटं आणली होती, ती तशीच डब्यात पडून होती. खिमा चावावा लागत नाही, पास्ताही नाही. मग अडतं कुठं?

अडलं खिम्यावरच.

"खिमा?" मामाजी म्हणाले. "खिमा म्हंजे चोराचं मटन. बोकडाचं हाय का म्हाताऱ्या बकरीचं, कसं समजन? मटन घ्याचं तं हाड पाहून घ्याचं."

खरंच, आमच्या गावात खिमा कोणी मागत नाही. बोकड टांगलेला असतो, लोक बोट दाखवून 'इथचं दे' म्हणतात. मी वाद घातला नाही. मंडईच्या सकाळी नवऱ्याला सांगितलं, पाहुण्यांच्या मटणासोबत एक अख्खी मांडी वेगळी आण. ती घेऊन मी अंगणात लाकडी ठोकळ्यासमोर बसले आणि भाजीच्या चाकूनं सुरू केलं. खरं सांगते, मला खिमा करता येत नव्हता. हॉस्टेलला तो पिशवीतून यायचा. मांस ठोकळ्यावरून सटकत होतं आणि मी त्याला हिंदीत शिव्या देत होते.

मामाजी धुतलेले कपडे घालून, पिशवी खांद्याला लावून निघाले होते. दारात थांबले.

"अवो, काय करून राहिली? मटन हाय ते, कांदा नोहे!"

"मग तुम्ही सांगा कसं कराचं."

"सरक तिकडं."

पिशवी खाली ठेवली, पाटावर बसले, सत्तूर मागितला. शिरा काढल्या, चरबी वेगळी केली, आणि मग ठोकळ्यावर असा ठेका धरला की शेजारची कोंबडी पळून गेली. चौकातून बसचा हॉर्न वाजला. त्यांनी ऐकला, मीही ऐकला. त्यांचा सत्तूर थांबला नाही. खिमा एवढा बारीक झाला की बोटानं दाबला तर पसरत होता.

एका चुलीवर नवरा पाहुण्यांचं मटण हलवत होता. दुसरीवर मी पातेलं चढवलं. बाईमाणूस त्या चुलीजवळ, म्हणून सासूबाईंनी दारातून एकदा बघितलं, पण मामाजी शेजारीच बसलेले, त्यामुळे चालून गेलं. लसूण तांबूस केला, कांदा घातला, खिमा मोकळा करून पाणी आटेपर्यंत परतला. मग किसलेले टोमॅटो, तिखट, मीठ, चिमूटभर साखर.

"मटनात साखर?" मामाजी किंचाळले. "रसगुल्ले करून राहिली का?"

किती दिवसांनी ओरडले! मला इतकं बरं वाटलं की मी उलट उत्तरसुद्धा दिलं नाही. सॉस मस्त घट्ट होत आला होता. पिझ्झ्याबरोबर मिळालेली मसाल्याची पुडी आणायला मी आत गेले. परत येऊन बघते तर पातेल्यात लोटाभर पाणी आणि वर मामाजींच्या काळ्या मसाल्याचा तवंग!

"मामाजी! सॉस होता तो!"

"सोस कायचा? रस्सा नाही तं भात कायच्या संग खाचा?"

"भात नाहीये! पास्ता आहे!"

"मंग तो कोरडा खाचा का? पाहुणा काय म्हणन, मटनात रस्सा नाही या घरी?"

"सारा सत्यानाश कर दिया!" माझ्या तोंडून निघून गेलं.

ऐन मंडईच्या दिवशी सुनेनं सासऱ्यावर आवाज चढवला होता. नवऱ्यानं शहाण्या माणसासारखी आमच्याकडे पाठ केली. मामाजींनी हातातला सराटा, म्हणजे उलथनं, ठेवला, उठले, आणि रस्त्याकडे बघायला लागले. दुसरी बस अजून यायची होती. हा माणूस आता खरंच जाणार, आणि माझ्या जिभेमुळे जाणार.

मला माफी मागता येत नाही, तो गुण आमच्या खानदानातच नाही. मी पाकिटं फोडली आणि कच्चा पास्ता तसाच त्या रश्श्यात ओतला.

"आता तुमच्या रश्श्यातच शिजवते. पण बसा इथं, आग सांभाळा. मला चुलीचं काही कळत नाही."

ते उभेच राहिले. मी सराटा त्यांच्यापुढे धरला. थोड्या वेळानं त्यांनी तो घेतला, बसले, आणि चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढून म्हणाले, "एवढी आग कायले पाहिजे? खाली लागन न."

पास्त्यानं हळूहळू सगळा रस्सा पिऊन टाकला. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या किती तरी पुढे आम्ही तो शिजवला. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी ओळखला नसता. नळ्या फुगून लोण्यासारख्या मऊ झालेल्या, प्रत्येकीच्या पोटात खिमा, आणि वास अर्धा टोमॅटोचा, अर्धा आमच्या घरच्या मसाल्याचा. मामाजींनी एक नळी तळहातावर घेतली, फुंकर मारली, तोंडात टाकली, हिरड्यांनी दाबली.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. मग दुसरी घेतली. मग तिसरी. मग चमचाच मागितला.

मी मनात नाचत होते, तेवढ्यात म्हणाले, "माही थाली आत ठेव. मी आत बसून खातो. पंगतीत नाही बसत." आणि दुपट्टा तोंडावर घेऊन आत गेले.

दुपारी पंगत बसली. सडक अर्जुनीहून मामाजींचे एक लहानपणचे मित्र आले होते, हायवेवर त्यांचा ढाबा आहे आणि बोलणंही ट्रकच्या हॉर्नसारखं. ताटं वाढून झाली. भात, मटण, रस्सा, कांदा. कोणी हात लावेना.

"तो कुठी हाय?" मित्रांनी आवाज दिला. "त्याच्याबिगर नळी कोण फोडन? काऊन बे, बायकोच्या मागं लपून बसला का?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी दाराकडे. रस्सा निवत चालला होता. सासूबाई आत हळू आवाजात म्हणाल्या, "जा न, तुमच्यासाठी सारे थांबले आहेत." आणि मामाजी बाहेर आले. हातात पास्त्याची थाली. मधोमध त्यांची जागा रिकामी ठेवली होती, तिथं बसले.

मित्रांनी थालीत डोकावून बघितलं. "हे काय बे? आमाले मटन अन् तू कुरड्या खाऊन राहिला?"

सगळे हसले. माझी जीभ सळसळली, उत्तर तयार होतं. पण त्याआधी मामाजींनी दुपट्टा काढून मांडीवर ठेवला आणि सगळ्यांसमोर तोंड उघडलं.

"दात नाही राहिले माह्ये. पहा. एकबी नाही. तुमच्यात बसून जेवता यावं म्हणून सुनेनं हे बनवलं. अन् कुरड्या नोहे, मटनच हाय, माह्या हातानं तोडलं."

एवढं बोलून त्यांनी पहिला घास घेतला.

ढाबेवाले मित्र त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तोंडाजवळ हात नेला, आणि वरची अख्खी कवळी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"लय टोचते बे," ते म्हणाले. आवाज पार बदललेला. "आजलोक कोनाले सांगतलं नाही. दर मंडईले मटन अख्खंच गिळून राहिलो. वाढ बाई, मलेबी तेच वाढ."

काय हसले लोक! पलीकडचे एक आजोबा म्हणाले, माह्या दाढा पोळ्यालेच गेल्या. त्यांच्या शेजारच्यांनी न बोलताच थाली पुढे केली. मी वाढत गेले, पातेलं खाली जात राहिलं, आणि मामाजी ओरडायला लागले, "अरे, माह्यासाठी ठेवा! सुनेनं माह्यासाठी बनवला!" तो आवाज नक्की तळ्याच्या पाळीपर्यंत गेला असणार. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, सगळ्यांसमोर पदरानं नाक पुसलं आणि वाढत राहिले.

मामाजींनी थाली बोटानं पुसून घेतली, ढेकर दिला आणि मला जवळ बोलावलं.

"अजून पाकिटं हायेत का?"

"संपली, मामाजी."

"मंग उद्या गोंदियाहून आणू. परवा पलीकडच्या गावची मंडई हाय. तू चाल माह्या संग. तिथंबी चार-पाच जण हायेत असेच, बिचारे उपाशी बसत असतीन."