कुकरचं गाऱ्हाणं

सुभद्रेच्या तोंडाला लागू नये, असं सगळी वाडी म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रेशनच्या दुकानात माप मारणाऱ्याला तिने भर रांगेत उभं-आडवं घेतलं होतं. नळाला पाणी नाही म्हणून सरपंचाच्या पडवीत जाऊन बसली होती. पण हीच बाई सकाळी रिक्षेतून वेंगुर्ल्याला उतरली, दत्तप्रसादशेटच्या काजूच्या कारखान्यात शिरून डोक्याला फडका बांधला, की मुकी. याचा तिला स्वतःचाच संताप येई. घरी जाऊन मग भांडी आपटायची.

तसं तिथे कुणी कुणाला ओरडत नसे, की कामावरून काढत नसे. शेट गोड माणूस. पण एका हंगामात सुभद्रा बोलून गेली होती, संडासाला कडी नाही, बायकांनी करायचं काय? शेट हसून 'लावूया' म्हणाले. पुढच्या हंगामाला सगळ्या बायकांना कामाचा फोन आला, हिला आला नाही. विचारायला गेली तर म्हणे, "अगो वयनी, तुझा नाव ऱ्हवानच गेला." मग पाऊस लागल्यावर कधीतरी बोलावणं आलं. कडी अजून लागायची आहे. त्यानंतर सगळ्याच जणी शहाण्या झाल्या.

आणि अशात गेल्या हंगामात कुकरवरच्या इनासियाचा हात भाजला. काजूबिया वाफवायचा मोठा कुकर आहे, त्याच्या झाकणाचा रबर कुसलेला, पार चिरा पडलेला. वाफेच्या नळीचा कॉक फिरवून उघडला की नेमकी कॉकाच्या बाजूनेच वाफ फुटते. इनासियाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलून निघाला. शेट दवाखान्यात भेटून आले, सफरचंदं देऊन आले, आणि कारखान्यात येऊन म्हणाले, "कुकराक काय्येक झालेला नाय. तिचाच ध्यान नव्हता. घरचे इचार घेवन कामार येतत." यंदा इनासियाला फोन आला नाही. तिच्या जागी कुकरवर नेमलं ते लक्ष्मीला, सुभद्रेच्या सुनेला.

झाल्या प्रकारावर शेटनी उपायही केला. रबर बदलला म्हणाल तर नाही. बायकांची मनं खंबीर करायला हंगामाच्या तोंडावर पुण्याहून संचिता मॅडमना बोलावलं. मॅडम चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "इथे तुम्ही काहीही बोलू शकता. ही सुरक्षित जागा आहे." त्या सुरक्षित जागेत पहिल्याच खुर्चीवर हाताची घडी घालून शेट बसलेले. मॅडमनी पर्समधून एक रबरबँड काढला, ताणला, सोडला. "माणसाने असं असावं. कितीही ताण आला तरी पुन्हा मूळ जागी." रोज वाफेला लावून बघा म्हणावं किती दिवस जागेवर येतो ते, असं सुभद्रेच्या अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात समोरून लक्ष्मीने हळूच मान हलवली. घरात दोघींचा पगार या एकाच दारातून यायचा. मग टाळ्या झाल्या, फोटो झाला, चहा-बिस्किटं झाली. मॅडम निघताना म्हणाल्या, "कुणाला काहीच अडचण नाही, हे बघून खरंच छान वाटलं."

आता उरला होता महादू. दरवर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी कुकरसमोर नारळ ठेवून महादू मुकादम गाऱ्हाणं घालतो. देवापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्याला मध्येच कुणी अडवत नाही, की त्याच्यासाठी कुणाचं काम जात नाही. आदल्या दिवशी सुभद्रेने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तेवढा रबराचा देवाच्या कानार घाल रे." महादू म्हणाला, "घालतंय मगे, तेतूर काय?"

सकाळी सगळे जमले. बॉयलर तापला होता, कुकर बियांनी भरून झाकण लावलं होतं. महादूने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी नारळ ठेवलेलो हा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा," सगळे.

"शेटींच्या धंद्याक बरकत दी."

"व्हय म्हाराजा."

"कामात काय इडापिडा असात, ती भायरच्या भायर घालय."

"व्हय म्हाराजा."

आणि महादूने नारळ उचलला. रबराचं नाव नाही. सुभद्रेकडे न बघता तो फोडायला निघालासुद्धा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि बा देवा म्हाराजा," तीच बोलली, "कुकराच्या झाकणाचो रबर कुसलो हा. इनासियाचो हात तेनीच भाजलो, तिची चूक नाय होती. शेटींका सांगूक भय वाटता म्हणान तुका सांगतंय. रबर बदलूची बुद्धी तेंका दी."

मग बायकांनी असं "व्हय म्हाराजा" म्हटलं की वरचे पत्रे घुमले. सवयीने शेटच्याही तोंडून ते गेलं.

महादूने घाईघाईत नारळ फोडला. शेटनी स्वतः खोबरं वाटलं. सुभद्रेच्या हातावर तुकडा ठेवताना हसले. "बरा गाऱ्हाणा घातलंस, वयनी. देवाक सांगितलंस मां? आता देव बघतलो." आणि मागे वळून म्हणाले, "लक्ष्मी, घाल गो वाफ."

लक्ष्मी निघाली. सुभद्रेने तिचा दंड धरला. "देव बघीपर्यंत ही हात लावची नाय."

शेटचं हसू मावळलं. "एवढो कसलो बाऊ? थांबा, मीच दाखवतंय." ते कुकरपाशी गेले. वाटेत थप्पीवरचं एक गोणपाट उचललं आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत नीट गुंडाळलं. टोक आत खोवलं. कॉकापासून अंग चोरून डावीकडे उभे राहिले, तोंड फिरवलं, आणि मग हात पुढे केला.

सुभद्रा बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, शेटना कुणी सांगत नाही म्हणून अडलंय. एकीनेही हिंमत केली तर काम होईल. ती रात्र-रात्र शब्द जुळवत होती, आपल्या भित्रेपणाला शिव्या घालत होती. आणि या माणसाला वाफ कुठून फुटते ते बोटभर जागेसकट ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने इनासियावर खापर फोडलं होतं, आणि ठाऊक असूनच लक्ष्मीला तिथे उभी केली होती. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज साफ होता.

"शेटीनू," ती म्हणाली, "कुकराक काय्येक झालेला नाय, तर गोणपाट कित्याक गुंडाळलात?"

शेटचा हात कॉकावर होता तसाच राहिला. त्यांनी एकदा बायकांकडे बघितलं, एकदा हाताकडे. कॉक काही त्यांनी फिरवला नाही.