पाठमोरा शिपाई

नातीने फॅशन फोटोग्राफीचं जाडजूड पुस्तक माझ्यापुढे उघडलं. पानावर एक मॉडेल पाठ करून उभी होती. गुळगुळीत कागदाचा वास आला आणि मी वडनेरच्या ओसरीवर पोचले.

सत्तरच्या दशकातली ती दुपार. कॉलेजच्या लायब्ररीतून मी महायुद्धाच्या इतिहासाचं पुस्तक आणलं होतं, मोठीमायसाठी. ही माझी थोरली काकू. तिचा नवरा लग्नाच्या वर्षीच फौजेत गेला आणि ब्रह्मदेशातून परतलाच नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

कापूस वेचून खरखरीत झालेलं तिचं बोट सैनिकांच्या चेहऱ्यांवरून सरकत गेलं आणि एका पाठमोऱ्या शिपायावर थांबलं.

"हे असेच होते."

"मोठीमाय, याचं तं तोंडच दिसत नाई!"

"दिवसा पदर नाकापर्यंत, राती दिवा इझवलेला. तोंड कवा धड पाह्यलं म्या? जाऊन राह्यले होते, तवा पाठ मात्र डोळे भरून पाह्यली."

मग तिने डोक्यावरचा पदर हळूच खांद्यावर सोडला आणि त्या पानापुढे बसून राहिली.

तेव्हा मला वाटलं होतं, तिला उकडत असेल.