चार छोटी भोकं आणि सात कप चहा

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज डोकं जाम सरकलंय.

आईच्या लिव्हरमधली गाठ कॅन्सरची नव्हती, पण फार दुखायची. गेल्या आठवड्यात मुंबईला दुर्बिणीतून काढली. पोटावर फक्त चार छोटी भोकं. पण डॉक्टरांनी बजावलंय, आतली जखम मोठी आहे, महिनाभर जड उचलायचं नाही.

आज भाट्ये गावची आत्या घरच्यांना घेऊन आईला बघायला आली. पट्ट्या बघून म्हणते, "अगो वहिनी, एवढंसंच? मला वाटलं, पोट फाडलं असेल!"

आई ओशाळली. मी आत्याला ऑपरेशन समजावत बसलो, तोवर आई पाण्याची कळशी उचलून चहाला लागलीसुद्धा. सात कप. वाद घालता घालता त्यातला एक मीही प्यायलो.

सांगा, तुमच्याकडे जखम केवढी दिसली की बाईला पडून राहू देतात?