नळी आडवी वळते तिथे

"रेट अजून, जाईल की! मॅडम, तुम्ही फक्त आकडे लिहा," साहेब म्हणाले. ऑपरेटरने जोर वाढवला. भल्यामोठ्या रिळावरून उलगडत पोलादी नळी तेलाच्या विहिरीत उतरत होती. खोल जमिनीखाली विहीर आडवी वळते, तिथे ती थबकली होती. जोर दाखवणारा काटा चढत होता, नळी मात्र पुढे सरकत नव्हती. तिथल्या अंधारात ती नागमोडी होऊन भिंतींना टेकली असेल. शाळेत मराठीच्या तासाला बाई "बोल, बोल" म्हणायच्या, तेव्हा माझे शब्दही असेच आतल्या आत वळत राहायचे. त्या गप्प झाल्या की हळूच सुटायचे. आणखी रेटली तर नळी कायमची अडकेल, विहीरही जाईल. मी पेन खाली ठेवलं.

"सर, रेटू नका. थोडी मागे घ्या."