दोन गाठींची सुतळी

माझ्या व्याह्यांची पाठ सोडली तर या जगात सरळ असं काहीच नाही. हे माझं म्हणणं नाही, त्यांचंच आहे. माणूस नारायणगावच्या बाजूचा. सगळी नोकरी शाळेत भूमिती शिकवण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर शाळा सुटली तरी भूमिती काही सुटली नाही. माझी शाळा चौथीत सुटली, ती मी परत शोधायला गेलो नाही. अशा दोघांची सोयरीक जुळली ती माझ्या लेकीमुळं. मुलगी बघायला आलेले लोक विचारतात, स्वयंपाक येतो का, शेतातलं काम जमतं का. यांनी खिशातून खडू काढला आणि म्हणाले, "बाळ, या फरशीवर एक वर्तुळ काढून दाखव." पोरीनं हातातली बांगडी उतरवली, फरशीवर ठेवली आणि कडेनं खडू फिरवला. व्याही उठून उभे राहिले. म्हणाले, "मुलगी पसंत." नवरा मुलगा तोवर चहात पोहे सांडून घेत होता, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

लग्नात तर कहर केला. मुहूर्ताला थोडा वेळ उरलेला, आणि नवरदेवाचा बाप मांडवाच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून दोरी लावतोय. "पावणं, एका बाजूनं तीन हात, दुसऱ्या बाजूनं चार हात, तर तिरकं बरोबर पाच हात भरायला पाहिजे. हे जास्त भरतंय. तुमचा मांडव काटकोनात नाही." मी म्हणालो, "पावणं, पोरीला काटकोनात न्हाई, तुमच्या घरात द्यायचीय." पण ऐकतील तर ते व्याही कसले. त्यांनी खांब हलवायला लावला, आणि निम्मा मांडव बँडवाल्यांच्या डोक्यावर बसला. मंगलाष्टका चालू, आणि आतून कापडाखाली क्लॅरिनेट वाजतंय. अक्षता पडल्या तेव्हा व्याही खांबाला मिठी मारून उभे होते, पण खांब काटकोनात होता.

आमचं गाव तळेघरच्या अलीकडं, डोंगरात. एसटी कमी, वळणं जास्त. व्याह्यांना ती वळणं बघवत नाहीत. दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे ते कंडक्टरला ऐकवतात. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "मग उतरा राव, आन जावा सरळ." हा माणूस खरंच उतरला. आमच्या घरावरचा पत्रा नजरेत धरला आणि नाकासमोर चालू लागला. एसटी गावात आली, मुक्कामाची माणसं उतरवून निघूनही गेली, तेव्हा कुठं व्याही उगवले. धोतर करवंदीच्या जाळीत राहिलेलं, कमरेला टॉवेल. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "रेषा बरोबर होती. डोंगर मधे आला."

माझ्या बायकोला या माणसाची फार मजा वाटायची. व्याही येणार म्हटलं की ती नाचणीची भाकरी जरा मन लावून थापायची, कारण ते ताट पुढं आलं की आधी भाकरी फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "विहीणबाई, केंद्रापासून परीघ सगळीकडून सारखा. याला म्हणतात त्रिज्या." पुढं पुढं ही आतूनच विचारायला लागली, "पावणं, अर्धं वर्तुळ वाढू का?" आणि त्यांच्यासाठी बाज टाकायची ती मुद्दाम तिरकी. व्याह्यांना भिंतीला समांतर असल्याशिवाय झोप येत नाही. ते बाज ओढून सरळ करायचे, हात धुवायला गेले की ही पायानं पुन्हा तिरकी करायची. बिचारे परत येऊन बाजेकडं बघायचे, भिंतीकडं बघायचे, आणि म्हणायचे, "पावणं, तुमच्या घराचा पायाच हलतोय."

एकदा मला भूमिती शिकवायला बसले. भिंतीवर पेन्सिल टेकवली. "ही बिंदूची खूण. खऱ्या बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. फक्त जागा असते." मी म्हणालो, "लांबी न्हाई, रुंदी न्हाई, मंग ती वस्तूच न्हाई. उगा कायबी सांगू नका." चुलीपाशी बसलेली ही म्हणाली, "असती की वो. तुमची अक्कल न्हाई का? दिसत न्हाई, पर डोक्यात जागा तेवढी हाय." व्याही इतके हसले की पेन्सिल मोडली.

ती गेली. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

आमच्याकडं हल्ली राख नदीला नेत नाहीत. वावरात खड्डा घेऊन पुरतात आणि वर झाड लावतात. तिसऱ्या दिवशी तसंच केलं. लेकीनं खड्ड्यात आईच्या हिरव्या बांगड्या सोडल्या, मी आंब्याचं रोप लावलं. माणसं हात जोडून उभी, आणि व्याही सुतळी घेऊन विहिरीच्या कोपऱ्यापासून रोपापर्यंत, मग बांधावरच्या जांभळीपासून रोपापर्यंत, गाठी मारत फिरतायत. माझं टाळकंच सरकलं. "पावणं, हितं माझं मानूस गेलंय आन तुमी मापं काय काढताय?" त्यांनी सुतळी गुंडाळून खिशात घातली.

उन्हाळ्यात रोप शेळीनं खाल्लं. नुसती काठी राहिली. मग पुतण्यानं पावर टिलर फिरवला, काठीही गेली. दुसरं रोप आणून ठेवलं, पण लावू कुठं? वावर सगळं एकसारखं. इथं उभा राहिलो की वाटायचं, हीच जागा. चार पावलं गेलो की वाटायचं, ही. जिच्याबरोबर सगळा जन्म काढला ती कुठं आहे ते मला सांगता येईना.

लेकीनं फोनवर सासऱ्याच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी व्याही एसटीनं, सगळ्या वळणांनी, गुमान आले. खिशातून सुतळी काढली. मला विहिरीच्या कोपऱ्यावर टोक धरायला लावलं आणि पहिल्या गाठीला खुंटी बांधून मातीत गोल रेघ ओढली. मग मला जांभळीपाशी उभं केलं आणि दुसऱ्या गाठीनं दुसरी रेघ ओढली. वावरात दोन्ही रेघा एकमेकींना कापून गेल्या. मी तिकडं धावलो, तर हे म्हणतात, "थांबा. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. दुसरा बिंदू बांधापलीकडं, ओढ्यात येतोय."

"ओढ्यात कशाला जाईल ती? पान्याला भ्यायची."

"मग हाच," व्याही म्हणाले.

मी खणलं. हातभर खाली माती राखाडी, मऊ लागली, आणि तिच्यात हिरव्या बांगडीचा तुकडा. व्याह्यांनी तो तळहातावर घेतला. एरवी असला तुकडा दिसला की 'कंस' म्हणून व्याख्या सांगणारा माणूस, त्यानं नुसती त्याच्यावरची माती पुसली. तुकडा होता तिथं ठेवला, मी वर रोप लावलं. या खेपेला काटेरी कुंपणही केलं. गोल. व्याह्यांनीच आखून दिलं.

दुपारी जेवून ते आडवे व्हायला आले. बाज तिरकी होती. सवयीनं त्यांनी बाजेची कड धरली, आणि माझ्याकडं बघितलं.

"पावणं, ही कुणी टाकली?"

मी म्हणालो, "तिचं काम आता मलाच करावं लागतं."

त्यांनी हात काढून घेतला. "राहू द्या," म्हणाले, आणि तसेच तिरके आडवे झाले. डोळे मिटलेले होते, पण घोरण्याचा आवाज बराच वेळ आला नाही.