भिंगरीच्या गोळ्या

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे घरी आणायचे, काजं करायची, बटणं लावायची आणि गठ्ठे परत पोचवायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. तिच्या हातचं काज कधी उसवलं नाही. नवरा परगावी नोकरीला, म्हणजे असून नसल्यासारखा. घरात दोन मुलं. थोरल्याला ती कौतुकाने साहेब म्हणायची आणि शेजारी टोमणा म्हणून. धाकटी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. तिला सगळे भिंगरी म्हणत.

हे नाव तिने स्वतःच्या पायांनी कमावलं होतं. वर्गात पाच मिनिटं बाकावर, पुढची पाच बाकाखाली. वाचायला घेतलं की अर्ध्या ओळीवरून नजर खालच्या ओळीवर उडी मारायची. नऊ वर्षांची झाली तरी एक ओळ धड पुरी होत नव्हती. मुख्याध्यापिकांनी काजवालीला बोलावून स्पष्ट सांगितलं, की वर्ष संपेपर्यंत फरक दिसला नाही तर शाळेतून नाव कमी होईल. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या आणि मन एका जागी धरून ठेवणारी गोळी सुरू झाली. पांढरी, बारीक, कडूजहर. दुकानदार चिठ्ठीशिवाय ती देत नसे आणि चिठ्ठी एका महिन्याचीच असे.

पंधरा दिवसांत वर्गबाईंनी वहीत लिहिलं, 'आज जागेवर बसली.' भिंगरीने ती वही गल्लीतल्या प्रत्येक दारात नेऊन दाखवली.

सोळाव्या दिवशी साहेबाने त्यातली एक गोळी खाल्ली. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत तो दोनदा आपटला होता आणि त्याच्या क्लासमधली निम्मी पोरं असल्या गोळ्या कुठून कुठून पैदा करून खात होती. त्या दिवशी तो अकरा तास खुर्चीवरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाला, "आई, ही गोळी तिच्यावर वाया चाललीय."

काजवालीने तिथेच त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. पण तिला ते पटलं. पोरगी शिकून शिकून काय दिवे लावणार होती? फार तर बटणं लावेल. मुलगा डॉक्टर झाला तर घराचे पांग फिटतील. तिने दुकानातून चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या आणल्या आणि भिंगरीच्या डबीत भरल्या.

"आई, ही गोड लागते," भिंगरी म्हणाली.

"डॉक्टरांनी बदललीय. खा गुपचूप."

पोरीने खाल्ली. आठवड्याभरात ती पुन्हा बाकाखाली गेली. वहीत शेरे सुरू झाले आणि प्रत्येक शेऱ्यामागे घरी एक धपाटा. म्हणजे आधी पोरीच्या तोंडाला पानं पुसायची आणि वर तिलाच विचारायचं, की तुझी अक्कल गेली कुठे. भिंगरी रडत म्हणायची, "मी बसते गं, पण बसलेली राहतच नाही."

इकडे साहेबाला एक गोळी पुरेना. आणि इथे काजवालीचं डोकं असं चाललं, की कुणाही आईला लाज वाटावी. शाळेतले वाईट शेरे ती नीट घडी घालून डॉक्टरांकडे नेऊ लागली. "काही फरक नाही हो डॉक्टर, उलट जास्तच झालंय." डॉक्टरांनी मात्रा वाढवली. पुढच्या महिन्यात आणखी वाढवली. एकदा चुकून वर्गबाईंनी 'थोडी शांत होती' असं लिहिलं, तर तिने ते पानच फाडलं. दुसऱ्या दिवशी पान फाडलं म्हणून शिक्षा झाली भिंगरीला.

साहेबाचे ओठ सोलवटले होते. जेवण सुटलं होतं, दात सतत एकमेकांवर घासायचा, छाती धडधडते म्हणून भिंतीला टेकून उभा राहायचा. एक अख्खा दिवस त्याने अभ्यासाचं वेळापत्रक तीन रंगांत आखण्यात घालवला आणि अभ्यास केल्याचं समाधान मानून उठला. काजवालीला त्यात तपश्चर्या दिसली.

परीक्षेला दहा दिवस राहिले आणि डॉक्टर अडून बसले. म्हणाले, "याच्यावर मात्रा नाही वाढवता येणार. उद्या घरून गोळी देऊ नका. इथे माझ्यासमोर देऊ आणि दोन तास बघू."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने भिंगरीच्या जिभेवर पांढरी गोळी ठेवली. कडू चवीने पोरीचा चेहरा वाकडा झाला, तरी तिने पाणी न मागता गिळली. काजवाली शर्टांचा गठ्ठा सोबत घेऊन बाकावर बसली होती. कधी नव्हे ते ती मनातल्या मनात म्हणत होती, धाव गं, धिंगाणा घाल, त्या खुर्च्या पाड.

भिंगरी तासाभराने शेजारी येऊन बसली. आईच्या हातातला शर्ट घेतला आणि बटणं लावू लागली. एकामागून एक सात शर्ट. एकही बटण वाकडं नाही.

डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "गोळी तर चांगली लागू पडतेय. मग घरी काय होतं?"

खरं सांगायची वेळ हीच होती. काजवालीने सुई शर्टात खोचून ठेवली आणि म्हणाली, "घरी थुंकून टाकते हो. किती मारलं तरी ऐकत नाही."

डॉक्टरांनी भिंगरीला विचारलं, "खरंच थुंकतेस?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. तिचं मन आज कुठेही पळत नव्हतं. ती म्हणाली, "हो."

डॉक्टरांनी महिन्याची चिठ्ठी दिली आणि शाळेसाठी दोन ओळींचं पत्र लिहिलं. वाटेत काजवालीने दुकानातून गोळ्या घेतल्या आणि पिशवीत तळाशी ठेवल्या. पत्र भिंगरीच्या हातात होतं. ती चालता चालता त्यावर बोट ठेवून वाचू लागली.

"मुलगी... सांगूनही... औषध घेत नाही. शाळेने... योग्य तो... निर्णय घ्यावा."

ती थांबली. चेहरा उजळला होता.

"आई, दोन्ही ओळी वाचल्या मी. मधलं काहीच सुटलं नाही."

"चल लवकर," काजवाली म्हणाली, "साहेब वाट बघत असेल."

भिंगरीने पत्राची नीट घडी घातली आणि आईच्या पावलाशी पाऊल जुळवून ती नाकासमोर चालू लागली.

"आई, साहेबाची परीक्षा झाली की कडूवाली मला देशील?"